ब्राउझरांची भाऊबंदकी

भाऊबंदकी म्हटली की आपल्याला साताऱ्याची आणि कोल्हापूरची गादी आठवते. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि एका स्वराज्याचे दोन धनी झाले. पुढे १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन दोघांच्या सीमा ठरल्या. पण मधल्या चोवीस वर्षांत खरी तारांबळ उडाली ती गावोगावच्या वतनदारांची. कोणत्या दरबारी रुजू व्हावे, कोणाचा हुकूम प्रमाण मानावा, हा पेच त्यांना रोजचा होता. मोठ्यांच्या वैराचा भार नेहमी मधल्या माणसांच्या खांद्यावर पडतो.

अशीच एक भाऊबंदकी गेल्या तीस वर्षांत संगणकाच्या पडद्यावर होऊन गेली. तिच्यात तलवारी उपसल्या गेल्या नाहीत. पण आपली मराठी अक्षरे तिच्या धुमश्चक्रीत सापडली होती, आणि ती सुखरूप बाहेर काढण्यासाठी काही माणसे रात्रीचा दिवस करीत होती. त्या मधल्या माणसांची हकीकत फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

आरंभी दोन शब्दांची ओळख करून देतो. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरचे पान आपल्याला दाखविणारा प्रोग्रॅम. पान दूरच्या संगणकावरून येते ते मजकूर आणि सूचना यांच्या रूपात. त्या सूचना वाचून पडद्यावर चित्र उभे करण्याचे काम ब्राउझर करतो. या सूचनांपैकी ज्या पानाला हालचाल देतात, म्हणजे बटन दाबल्यावर काय व्हावे, अक्षर टंकल्यावर काय उमटावे हे सांगतात, त्या जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेल्या असतात. लायब्ररी म्हणजे येथे वाचनालय नव्हे. चकलीची भाजणी जशी एकदा नीट भाजून दळून ठेवली की दरवेळी पहिल्यापासून खटाटोप करावा लागत नाही, तसा वारंवार लागणाऱ्या आज्ञांचा पारखून ठेवलेला साठा म्हणजे लायब्ररी. एक जण भाजणी करतो आणि शेजारपाजारचे सगळे तिच्यावर चकल्या तळतात.

आता मूळ भांडणाकडे वळू. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझेक हा ब्राउझर तयार झाला. त्याच्या कर्त्यांपैकी काहींनी बाहेर पडून नेटस्केप काढला. तो १९९४ च्या डिसेंबरात आला आणि पाहता पाहता जगभर पसरला. १९९५ च्या ऑगस्टमध्ये दोन गोष्टी घडल्या. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर बाजारात उतरला. म्हणजे आपण या वाड्यात पाऊल टाकले तेच मुळी भांडण सुरू होण्याच्या मुहूर्तावर!

जावास्क्रिप्ट ही भाषा नेटस्केपसाठी ब्रेन्डन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात रचली. तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत झाला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती भाषा वरून पाहून आपली नक्कल केली आणि तिला जेस्क्रिप्ट म्हटले. नक्कल साधारण बरोबर होती, आणि सारा घात त्या ‘साधारण’ या शब्दात होता. १९९७ च्या जूनमध्ये एक्मा या युरोपीय संस्थेने भाषेचे प्रमाण व्याकरण प्रसिद्ध केले, तो या कथेतला पहिला तह. पण तह झाला तो भाषेपुरता. पानावरच्या वस्तूंना हात कसा लावायचा, कळ दाबल्याची वार्ता कोणी कोणाला कशी द्यायची, या व्यवहारांत दोन्ही घरांच्या रीती वेगळ्याच राहिल्या. २००० च्या नोव्हेंबरात वार्ता देण्याची प्रमाण रीत ठरली. एक्सप्लोररने मात्र आपली जुनी रीत आणखी दहा वर्षे सोडली नाही.

या भांडणात मराठीचे काय झाले? त्या काळी आपल्या वर्तमानपत्रांचे मजकूर निरनिराळ्या टंकांत जुळवले जात. एका टंकात ज्या जागी ‘क’ असे त्या जागी दुसऱ्यात भलतेच अक्षर निघे. टंक वाचकाच्या संगणकावर नसेल तर पान उघडताच इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसे. त्यावर तोड निघाली ती अशी, की पानाबरोबर टंकही पाठवावा. १९९७ मध्ये दोन्ही ब्राउझरांनी ही सोय केली. पण नेटस्केपला टंक एका घडणीचा लागे, एक्सप्लोररला दुसऱ्या. म्हणजे एकाच बातमीसाठी एकाच लिपीच्या दोन शिदोऱ्या बांधायच्या. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘मायबोली’सारख्या स्थळांवर किंवा आपल्या दैनिकांच्या पानांवर ज्यांनी त्या दिवसांत मराठी वाचले, त्यांना हा अनुभव आठवत असेल.

या गोंधळावर खरा उतारा होता तो युनिकोडचा. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, ही त्यामागची कल्पना. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली, आणि तिची मांडणी आपल्याच देशात १९८८ मध्ये सिद्ध झालेल्या इस्की या संकेतावरून घेतली होती. २००३ च्या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये ‘मनोगत’ आले. मराठी वाचण्याची सोय झाली. आता प्रश्न उरला तो लिहिण्याचा.

हा प्रश्न किती नाजूक आहे ते पाहा. सामान्य माणसाच्या हाती इंग्रजी कळफलक. त्याने के ही कळ दाबली तर ‘क्’ उमटावा, मागोमाग ए दाबली तर त्याच ‘क्’चा ‘क’ व्हावा, पुन्हा ए दाबली तर ‘का’ व्हावा. म्हणजे प्रत्येक कळेसरशी जावास्क्रिप्टने तीन गोष्टी करायला हव्यात. कोणती कळ दाबली ते ओळखावे; कर्सरच्या लगेच आधी कोणते अक्षर आहे ते पाहावे; आणि ते पुसून त्या जागी नवे ठेवावे. सांगायला सोपे आहे. पण या तिन्ही ठिकाणी ब्राउझरांची भाऊबंदकी आडवी येई.

एक्सप्लोररात कळेची वार्ता दिवाणखान्यातल्या एका ठरावीक खुंटीवर टांगलेली असे, ती जाऊन काढून घ्यावी लागे. फायरफॉक्स ती हातात आणून देई. कळेचा क्रमांक एकाकडे एका नावाने, दुसऱ्याकडे दुसऱ्या नावाने. फायरफॉक्स आणि ऑपेरा या दोघांत बाणांच्या कळाही अक्षरांच्या दाराने आत येत. आणि डाव्या बाणाचा क्रमांक ३७, टक्क्याच्या चिन्हाचाही ३७! लिहिणारा बिचारा एक अक्षर मागे सरकू पाही, आणि लायब्ररी सावध नसेल तर तो टक्का टंकत आहे असे समजे. कर्सर कोठे आहे हे फायरफॉक्स दोन आकड्यांत सांगे. एक्सप्लोररात मात्र निवडलेल्या मजकुराचा तुकडा मागवून, त्याची प्रत करून, ती आरंभापर्यंत ताणून मोजदाद करावी लागे. त्यातही एक्सप्लोरर प्रत्येक नव्या ओळीची दोन अक्षरे धरी आणि इतर ब्राउझर एकच. पहिल्या ओळीत सारे सुरळीत चाले. चौथ्या ओळीला पोचेपर्यंत हिशेब तीन घरे चुकलेला असे आणि काना भलत्याच शब्दाला जाऊन लागे.

त्या वर्षांत मीही अशा एका लहानशा कामात गुंतलो होतो. आमच्या खांदा कॉलनीतल्या घरी एकच संगणक होता. त्यावर दोन ब्राउझर शेजारी शेजारी उघडून ‘आई’, ‘ज्ञान’, ‘शृंगार’ असे शब्द दोन्हींकडे टंकून पाहायचे, तिसऱ्या ब्राउझरासाठी बाजाराजवळच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसायचे, आणि भारनियमनाची वेळ झाली की वही काढून उरलेला विचार कागदावर करायचा, असा क्रम होता. म्हणून या विषयातले बारकावे मला पुस्तकापेक्षा बोटांनी अधिक ठाऊक आहेत.

या अडचणींतून वाट काढण्याच्या दोन पद्धती होत्या, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा सारांश त्या दोन पद्धतींत आहे. पहिली पद्धत नाव विचारण्याची. प्रत्येक ब्राउझर पान मागवताना आपले नाव सांगतो. ते वाचावे आणि एक्सप्लोरर असेल तर ही वाट, नेटस्केप असेल तर ती वाट धरावी. पद्धत सरळ दिसते. परंतु नावे खरी नव्हती. नेटस्केपचे घरगुती नाव मोझिला. आरंभी पुष्कळ संकेतस्थळे चांगली पाने फक्त मोझिलाला वाढत आणि इतरांची साध्यावर बोळवण करीत. तेव्हा एक्सप्लोररने ‘मी मोझिला, त्याच्याशी जुळणारा’ असे सांगून पंक्तीत पाट मिळवला. पुढे २००३ मध्ये सफारी आला, २००८ मध्ये क्रोम आला. त्यांनीही तोच मार्ग धरला. आजही क्रोम आपला परिचय देताना आपल्या नावाबरोबर मोझिला, सफारी अशी सगळी गोत्रे सांगतो. सर्वांत मौज २०१३ ची. एक्सप्लोररची अकरावी आवृत्ती पुरती सुधारून आली होती, पण जुन्या दुष्कीर्तीमुळे संकेतस्थळे तिच्या नावाकडे पाहूनच तिला शिळेपाके वाढतील, म्हणून तिने आपले जुने ओळखीचे नावच परिचयातून गाळले!

दुसरी पद्धत नाव न विचारता करून पाहण्याची. तुझे नाव काय ते राहू दे. कर्सरची जागा दोन आकड्यांत सांगता येते का? येत असेल तर ही वाट, नसेल तर दुसरी. या पद्धतीत उद्या जन्मणाऱ्या, आज ज्याचे नावही ठाऊक नाही अशा ब्राउझरलाही न्याय मिळतो. माणसाचे आडनाव विचारून त्याची पायरी ठरवणाऱ्या आणि त्याचे काम पाहून त्याला जागा देणाऱ्या समाजांत जो फरक, तोच या दोन पद्धतींत आहे. हॉलंडचे पीटर-पॉल कॉख यांच्यासारखे लोक कोणता ब्राउझर काय करू शकतो याचे तक्ते वर्षानुवर्षे स्वतः तपासून लिहीत राहिले. २००५ मध्ये प्रोटोटाइप ही लायब्ररी आली. २००६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका मेळाव्यात जॉन रेसिग या तरुणाने जेक्वेरी पुढे ठेवली आणि ती जगभर पसरली. जेक्वेरीतही आरंभी नाव विचारण्याची सोय होती. २००९ च्या जानेवारीत तिने ‘करून पाहा’ हा मार्ग अधिकृत केला, आणि २०१३ च्या जानेवारीत नाव विचारण्याची सोय काढून टाकली. म्हणजे खुद्द लायब्ररी लिहिणाऱ्यांनाही हा धडा पचवायला सात वर्षे लागली.

मराठीपुरते पाहायचे तर ओंकार जोशी यांची ‘गमभन’ ही टंकलेखनाची सोय येथे आदराने सांगितली पाहिजे. ‘उपक्रम’, ‘मिसळपाव’ अशा स्थळांवर तिच्या आधाराने हजारो पाने मराठी लिहिले गेले. पाककृती लिहिणारी गृहिणी, प्रवासवर्णन लिहिणारा निवृत्त कारकून, परदेशातून आठवणी काढणारा अभियंता यांना आपल्या बोटांखाली काय चालले आहे याची गंधवार्ता नसे. आणि नसावी, यातच तिचे यश होते. पुढे विकिपीडियाच्या भाषा-विभागातल्या मंडळींनी जेक्वेरीच्या पायावर अनेक भाषांसाठी टंकलेखनाची एक लायब्ररी उभारली. तिच्यात मराठीची इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी, दोन्ही वळणे आहेत. २०१३ पासून विकिपीडियावर मराठी टंकणाऱ्यांच्या हाताशी ती आली. त्याच सुमारास या मंडळींच्या बैठका पुण्यात भरल्या होत्या, हेही आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे.

लायब्ररीचे हे काम कसले, ते आम्हां हार्बर मार्गावरच्या प्रवाशांना चटकन समजावे. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्याला याच मार्गाने धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढे देशाने २५,००० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह प्रमाण मानला. मुंबईतले मार्ग एकेक करून बदलत गेले आणि आमच्या खांदेश्वर स्थानकावरून जाणारा हार्बर मार्ग सर्वांत शेवटी, २०१६ च्या एप्रिलमध्ये बदलला. मधल्या काळात रेल्वेने दोन्ही प्रवाहांवर धावणाऱ्या गाड्या बांधल्या. जेथे मार्गावरचा प्रवाह बदले तेथे मधल्या तुकड्यात क्षणभर दिवे-पंखे बंद होत. प्रवासी वर पाहीपर्यंत पुन्हा सुरू. वर्तमानपत्राची घडीही कोणी मोडत नसे. लायब्ररी म्हणजे ही दुहेरी प्रवाहाची गाडी. तिच्या पोटातले यंत्र अधिक जड, अधिक खर्चाचे आणि अधिक गुंतागुंतीचे. पण प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही.

परंतु लायब्ररीच्या हाताला काही गोष्टी लागत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अक्षर क्रमांकाने अचूक लिहिले, तरी ते पडद्यावर कसे काढायचे हे ब्राउझरच्या आणि त्याच्याखालच्या यंत्रणेच्या मर्जीवर. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी बसवून घ्यावी लागे. नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे. फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत परिच्छेदाच्या दोन्ही कडा सरळ कराव्यात तर अक्षरे आणि मात्रा एकमेकांपासून फुटून निघत. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत हे दुखणे बरे झाले. आणि आपल्या खास मराठी ‘ऱ्य’चे हाल तर विचारूच नका. हा अर्धा र हिंदीत लागत नाही. आपल्याला तो नसेल तर ‘आचाऱ्यास जेवायला वाढा’ आणि ‘आचार्यास जेवायला वाढा’ यांत फरक उरत नाही. दिवाळीत चकलीचा ‘सोऱ्या’ शोधणाऱ्या गृहिणीला ‘सोर्या’ हाती येतो. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन मार्गांनी लिहिता येते. एकात नुक्त्याच्या र चा आधार, दुसऱ्यात न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द. कोणता मार्ग धरायचा हे टंकलेखनाची लायब्ररी लिहिणारा ठरवी. एका माणसाच्या त्या निर्णयावर पुढच्या हजारो लेखांतले ‘सोऱ्या’ सापडणार की हरवणार, हे अवलंबून होते.

भांडण हळूहळू निवळले. २०११ च्या मार्चमध्ये एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीने कळेची वार्ता आणि कर्सरची जागा, दोन्ही बाबतीत प्रमाण रीत पत्करली. २०१३ च्या एप्रिलमध्ये जेक्वेरीच्या दुसऱ्या पिढीने एक्सप्लोररच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या आवृत्तींचे ओझे खाली ठेवले. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररला निवृत्त केले. आमच्या वसाहतीचे नाव खांदा; त्यामुळे मला म्हणावेसे वाटते की या लायब्रऱ्यांनी एक्सप्लोररला जिवंतपणी खांदा दिला आणि शेवटीही दिला. २०२२ पासून ब्राउझरांचे कर्ते दरवर्षी एकत्र बसून कोणत्या बाबतीत आपली वागणूक जुळत नाही याची यादी करतात आणि ती दुरुस्त करतात. हा खरा वारणेचा तह. दरम्यान मोबाइल आला. तेथे तर क्रोम अनेकदा कोणतीही कळ दाबा, क्रमांक २२९ एवढेच सांगतो. कळ ओळखून अक्षर घडवण्याचे काम फोनमधल्या कळफलकाने आपल्याकडे घेतले आहे. कळ ओळखणाऱ्या त्या जुन्या लायब्रऱ्यांची गरज आता फार थोडी उरली आहे.

तेव्हा सारे आलबेल झाले, असे म्हणावे काय? मला एक शंका वाटते. भाऊबंदकी दोन प्रकारांनी संपते. एक, भाऊ एकत्र बसून कागद करतात. दुसरा, एक भाऊ साऱ्या वाड्याचा धनी होतो. २००१ मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली तेव्हा त्याला कोणी स्पर्धकच उरला नव्हता. आणि मग सातवी आवृत्ती निघायला पाच वर्षे लागली. आज ऑपेराने २०१३ पासून आणि मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० पासून क्रोमचेच आतले यंत्र घेतले आहे. सफारी आणि फायरफॉक्स तेवढे निराळे उरले आहेत. बहुतेक ठिकाणी सारखे दिसते, ते कागद झाल्यामुळे किती आणि एकाचीच सत्ता चालते म्हणून किती, हे तपासत राहिले पाहिजे. मराठीसारख्या भाषेला तर ही तपासणी अधिकच हवी. कारण आपला ‘ऱ्य’ बरोबर निघतो की नाही, हे पाहण्याची निकड दूरच्या धन्याला सहसा नसते. ती आपल्यालाच असते. कागदावर नियम असेल तर त्यावर बोट ठेवून आपल्याला काही मागता येते. मर्जीवर चालणाऱ्या कारभारात नुसती विनवणी करावी लागते.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या दिवाळीला वाचनाची जोड मिळाली. छापखान्यातल्या ज्या जुळाऱ्यांनी खिळा खिळा उचलून तो अंक उभा केला, त्यांची नावे अंकावर नव्हती. पुढे ‘मायबोली’, ‘मनोगत’ यांसारख्या स्थळांनी पडद्यावर दिवाळी अंक काढले. त्यांच्यामागेही असे काही जुळारी होते. एका ब्राउझराचा काना दुसऱ्यात ढळू नये म्हणून ते जागत होते. यंदा फोनवर कोणाला ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ टंकताना बोट कोठे अडले नाही, तर त्या न अडण्यात त्यांचा थोडा वाटा आहे. आणि शंकरपाळ्यांच्या डब्याबरोबर कोणी घरातल्या पोराबाळांना हेही सांगावे, की ‘सोऱ्या’ हा शब्द एकदा स्वतः टंकून, मग शोधून पाहा. सापडला नाही तर काम अजून शिल्लक आहे.